व्हॉल्व्हची स्वारी, अर्थात पुंडलिकनगरी पाणी कैसे आले त्याचे वर्तमान

श्रीगजाननास वंदन करोन, आणि त्याच्याच मंडपाच्या बांबूंनी जिच्या अंगास वर्षानुवर्षे भोके पडली त्या गल्लीसही वंदन करोन, हे वर्तमान लिहावयास घेतले आहे. थोर थोर लढाया लिहिणारे लिहून गेले, किल्ले घेतले ते लिहिले, तह मोडले ते लिहिले. परंतु पुंडलिकनगरच्या एका गल्लीत पाण्याचा व्हॉल्व्ह हरवला आणि तो मातीच्या पोटातून कोणी, कोणत्या विद्येच्या बळे बाहेर काढिला, याची दखल कोणी घेतली नाही, म्हणोन आम्हांस लेखणी उचलणे भाग पडले. काळ शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, माघ मास. स्थळ शहर छत्रपती संभाजीनगर. गल्लीचा नंबर लिहीत नाही, कारण गल्लीतील थोरांची अब्रू आम्हांस राखणे आहे.

या गल्लीत कडूबा नामे गृहस्थ राहात. मूळ वतन मौजे शेंद्रा. तेथे निम्मे रान राहिले आणि निम्म्यावर कारखाने उठले, आणि त्यांतीलच एका कारखान्यात कडूबा पाळीची चाकरी करीत. त्यांची कन्या मनकर्णाबाई, वय वर्षे बावीस, आजीचे नाव चालविणारी, स्कूटीवर स्वार होऊन नित्य विद्यापीठी जाई आणि पुरातत्त्व नामक विद्या शिके. ही विद्या कैसी म्हणाल, तर माती बोटांत चुरडोन ती हललेली की जागची ते जाणावे, आणि खापराचा बोटभर तुकडा पाहोन अख्ख्या रांजणाचे तोंड किती रुंद होते ते सांगावे, आणि दोरी, खुंट्या व ओळंबा लावोन खड्ड्याची बाजू सुतासारखी सरळ तासावी, आणि मग सापडेल त्या खड्यासही चिठ्ठी बांधोन वहीत दाखल करावे. मुख्य कायदा एकच, की जे खाली ते आधीचे आणि जे वर ते नंतरचे. या कायद्याच्या जोरावर बाईंनी एकदा घरातील कचऱ्याची बादली थर थर उपसोन सिद्ध केले, की शेपूची भाजी गुरुवारच्या चहापत्तीखाली आहे, सबब ती बुधवारीच ताटातून परस्पर टाकिली गेली. आणि गुन्हेगार खुद्द कडूबा निघाले. तेव्हापासोन या विद्येविषयी कडूबांचे मत फारसे बरे नव्हते.

त्यात विद्यापीठातून फर्मान आले. पैठणाकडे एक पांढरीचे टेकाड आहे, म्हणजे जेथे पूर्वी गाव नांदून गेले आणि मागे राखेमातीचा ढीग राहिला. तेथे महिनाभर उत्खननाची छावणी पडणार, ज्यांस यावयाचे त्यांनी वडिलांच्या सहीचा कागद माघ वद्य पंचमी, सोमवार, सकाळी अकराच्या आत दाखल करावा, जो चुकेल त्याची जागा दुसऱ्यास. मनकर्णाबाईंचा जीव त्या छावणीत गुंतला. दोन वर्षे पुस्तकात थर पाहिले, पेटीत खापरे पाहिली. आता खरी पांढर आपल्या हाताने उकलावी, एवढीच आस होती. कागद कडूबांपुढे ठेविला, तो ते म्हणाले, "खुरपंच धरायचं असंल तर आपल्या रानात काय कमी हाय? त्याला विद्यापीठ कशाला पायजे? आन पांढर म्हणशील तर तुझ्या आज्यानं शेंद्र्याची पांढर गाड्या भरभरून रानात नेऊन टाकली. लई ताकदीचं खत." बाईंनी कपाळास हात लाविला. कैक शतकांचा इतिहास आजोबांनी तीनशे गाड्या करोन ज्वारीस घातला होता, आणि ज्वारी उत्तम आली होती, हे दुःख सांगावे कोणास?

कागद तैसाच देव्हाऱ्याखाली पडला असता गल्लीवर मोठे संकट आले. या गल्लीस एकाच अंगास घरे, पंधरा, आणि समोर शाळेच्या मैदानाची लांब भिंत. आठव्या दिवशी नळास पाणी यावे ऐसी रीत. तो एके पाळीस पाणी आले ते करंगळीएवढ्या धारेने, आणि पुढल्या पाळीस तेही नाही. शेजारील गल्लीत मात्र नळ धो धो वाहात, तेथील बायका खुशाल अंगणे धूत, आणि ते पाणी उताराने येऊन आमच्या गल्लीच्या तोंडाशी डबके करोन थांबे, ऐसा अपमान आजवर कोणी केला नव्हता. कडूबांच्या पत्नी आवडाबाई यांनी हंडे पालथे घातले आणि घरात बोलणे कमी केले, यावरोन संकटाची खोली समजावी.

मग बन्सी नळवाला पाचारण केला. बन्सीने पाइपास कान लाविला, दोन ठिकाणी पाना वाजविला आणि निकाल दिला, "गल्लीचा व्हॉल्व्ह गंजून बसलाय. त्यो उघडून साफ केल्याबिगर थेंब यायचा नाय." सर्वांनी एकमुखे आज्ञा केली की उघड. बन्सी म्हणाला, "उघडतो की. पर हाय कुठं त्यो?" यावर साऱ्या गल्लीने पायाखाली पाहिले. कारण या गल्लीवर आधी खडी पडली, तीवर डांबर पडले, त्यावर सिमेंट, आणि गेल्या दिवाळीत त्यावर सिमेंटच्या ठोकळ्यांचे गट्टू बसले. आणि प्रत्येक वेळी गल्लीने पेढे वाटिले, परंतु व्हॉल्व्हचे झाकण वर घेतले किंवा नाही हे पाहण्याची आठवण एकासही राहिली नाही.

अशा समयी मोहिमेची सूत्रे नानासाहेबांनी हाती घेतली. नानासाहेब म्हणजे गल्लीचे मुख्य, वय अठ्ठ्याहत्तर, हयातभर साखळी धरोन जमिनी मोजलेले. त्यांचा शब्द म्हणजे गल्लीत दगडावरील रेघ. पंधरा घरांत पहिले घर त्यांचेच उठले, आणि पुढे ज्याने ज्याने कंपाउंडची भिंत घातली त्याने गवंड्यास एवढेच सांगितले की रेघ नानांची धर, म्हणोन साऱ्या भिंती एका ओळीत, कवायतीस उभ्या राहिल्यासारख्या. नानासाहेबांनी कपाटातून गल्लीची जुनी वही काढिली, तीत त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिले होते: व्हॉल्व्ह माझ्या फाटकासमोर, भिंतीपासून दोन फूट, रस्त्याच्या अंगास. मग काय विचारता! भिंतीपासून दोन फूट मोजोन शुक्रवारी गट्टू उपटिले आणि कुदळ चालली. दोन फूट खोल गेले, काही नाही. नानासाहेबांनी हुकूम केला की आणखी खोल. चार फूट गेले, मुरूम आणि मुरूम. शनिवारी डाव्या हातास दुसरा खड्डा केला, त्यातही तेच. तेव्हा संतापोन नानासाहेबांनी जाहीर केले की रविवारी चार वाजता जेसीबी आणोन गल्ली या टोकापासोन त्या टोकापर्यंत उलथी करावी.

त्याच शनिवारी मनकर्णाबाईंनी कागदाचा विषय पुन्हा काढिला, आणि वेळ चुकली. कडूबा रिकाम्या हंड्याशेजारी बसले होते, त्यांनी उठोन सर्वांसमक्ष फर्माविले की ज्या विद्येने घरात हंडाभर पाणी येत नाही त्या विद्येच्या कागदावर आमची सही होणे नाही. मातीतले एवढे कळते तर व्हॉल्व्ह काढोन दाखवावा, सही तात्काळ करू. रागाच्या भरात बोलले खरे, परंतु कडूबांचा शब्द म्हणजे शब्द, हे घरास ठाऊक होते. मनकर्णाबाईंच्या डोळ्यांस पाणी आले, आणि त्या समयी गल्लीत तेवढेच काय ते पाणी होते.

रविवारी, संकष्टीच्या सकाळी, बाई उठोन पहिल्या खड्ड्यात उतरल्या. विद्यापीठाची हत्यारे घरी आणण्याची परवानगी नाही, म्हणोन दारामागे अडकविलेले आजोबांचे खुरपे घेतले, वही घेतली, ओळंबा घेतला, आणि दात घासावयाचा जुना ब्रश घेतला. खड्ड्याची बाजू तासावयास लागल्या तो बन्सी वरून डोकावला. "काय बघायलीस त्या खड्ड्यात? तळाला हाय व्हय काही?"

"तळ नाय बघत, बन्सीमामा. बाजू बघायले," बाई म्हणाल्या. "ह्यो मुरूम कोरा हाय. तुमच्या आधी कुणी हितं कुदळ घातलेली नाय. पाइप पुरायचा तर आधी चर खणावा लागतो ना? खणलेली माती परत टाकली की ती मिसळती, रंग बदलतो, हाताला भुसभुशीत लागती. हितं तसं कायबी नाय. आणखी दहा फूट खाली गेलात तरी हितं व्हॉल्व्ह नाय."

बन्सीने आयुष्यात शेकडो खड्डे खणिले होते, परंतु खड्ड्याने उत्तर दिलेले प्रथमच ऐकिले. त्याने तात्काळ पक्ष बदलला आणि पाना कमरेस खोवोन बाईंच्या चाकरीत रुजू जाहला. नानासाहेबांस हे वर्तमान कळले, तो ते फाटकाशी येऊन म्हणाले की वहीतील मोजणी आमची आहे आणि आमची मोजणी कधी चुकली नाही. बाईंनी मान लववोन अर्ज केला की मोजणी खरी मानोनच पुढे जाते. खड्डा तेवढा भिंतीच्या पायापर्यंत नेण्याची इजाजत असावी, आणि जेसीबी येईपर्यंत मुदत असावी. नानासाहेबांनी चार वाजेपर्यंतची मुदत बहाल केली.

मग दोरी ताणली, खुंट्या ठोकिल्या, आणि काम सुरू जाहले. बन्सी घाईने उकरू जाई आणि बाई त्याचा हात धरीत, की थर मिसळू नये. साऱ्या गल्लीने खुर्च्या मांडिल्या. एके समयी मुरमात वाटोळा काळा डाग दिसला, तो पब्लिकने एकच गजर केला की सापडला, सापडला, एकाने तर नारळ आणावयास माणूस धाडिला. बाईंनी खुरप्याच्या टोकाने डाग उकरिला आणि आतून गुलाल निघाला. "ह्यो मंडपाचा बांबू," बाई म्हणाल्या, "डांबराच्या वरनं ठोकलेला, म्हंजे डांबर पडल्यानंतरच्या कुठल्यातरी गणपतीचा." नारळ परत गेला. तीन वाजावयास आले, ऊन चढले, बाईंचे हात मुरमाने सोलले, आणि भिंतीचा पाया उघडा पडला तरी पाइपाचा मागमूस नाही. खुर्च्यांवरोन हसे ऐकू येऊ लागले. कडूबा कोणाकडे न पाहता दाराशी उभे होते, आणि ते हसत नव्हते, एवढे आम्ही नोंदवितो.

तेव्हा बाईंनी शेवटला डाव टाकिला. कोरड्या उन्हाने साऱ्या मातीचा रंग एक जाहला होता, थर डोळ्यांस दिसेनात. यास विद्येत उपाय आहे की बाजूवर पाणी शिंपडावे, म्हणजे रंग उठतात. बाई वर पाहोन म्हणाल्या, "एक तांब्या पाणी पायजे." पंधरा घरांत मिळोन पिण्यापुरते पाणी, आणि ही पोर म्हणते मातीवर ओतायचे! कोणी जागचे हलेना. तो नानासाहेबांच्या पत्नी यमुनाबाई घरातून निघाल्या, आपल्या माठातील शेवटला तांब्या भरोन आणिला, आणि पदर सावरोन खड्ड्याच्या काठाशी वाकोन बाईंच्या हाती दिला. पुढे काय निघणार हे त्यांस ठाऊक होते किंवा नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु लिहिणे उचित नव्हे.

बाईंनी ओंजळीने पाणी शिंपडिले, आणि माती बोलू लागली. वर गट्टूंची करडी पट्टी, खाली वाळू, खाली सिमेंट, खाली डांबराची काळी ठसठशीत रेघ, खाली खडी, आणि तळास कोरा मुरूम. ती काळी रेघ बाई बोटाने मागे मागे नेत भिंतीच्या पायापाशी आल्या, आणि बोट थांबले. रेघ थांबली नव्हती. रेघ नानासाहेबांच्या भिंतीखाली शिरली होती.

बन्सी वाकोन म्हणाला, "आत्ता गं! भिंतीच्या पायाखाली डांबर? घराला कुणी डांबरी रस्ता घालतंय व्हय?"

जे खाली ते आधीचे. रस्ता खाली, भिंत वर. म्हणजे रस्ता आधीचा आणि भिंत नंतरची, म्हणजे ही भिंत पूर्वी येथे नव्हतीच, मागे होती, आणि कोणे एके काळी काही फूट रस्त्यावर चाल करोन आली. हे बाईंस क्षणात कळले, आणि लगेच दुसरे कळले, की नानांची रेघ धरोन चौदा भिंती त्यामागोमाग आल्या, आणि त्या चौदांत एक आपली. वर पाहिले तो दाराशी कडूबा आपल्याच भिंतीकडे पाहात होते. त्यांनी आपली भिंत घालिते वेळी रेघ कोणाची धरिली ते त्यांस आठवत होते. ज्या हाताची सही पाहिजे तोच हात या दाव्यात गुंतला होता, आणि वहीत खोटे लिहिणे या विद्येस मंजूर नाही. सारी गल्ली खुर्च्यांवरोन उठोन उभी राहिली, आणि कोणी कोणाच्या डोळ्यांस डोळा देईना.

नानासाहेबांनी काठी आपटोन विचारिले की काय निघाले ते साफ सांगावे. बाई उठोन उभ्या राहिल्या, हात झाडिले, आणि म्हणाल्या, "नानाकाका, माती म्हणती रस्ता आधी, भिंत नंतर. एवढंच म्हणती. भिंत कुणी सरकवली ते माती सांगत नाय, आन मी तिच्यापेक्षा जास्त कशाला बोलू?"

हे ऐकोन नानासाहेब वाकोन ती काळी रेघ पाहू लागले. चष्मा काढिला, पुसला, पुन्हा लाविला. खरे तर वीस वर्षांत त्यांस स्वतःसच विसर पडला होता. एके उन्हाळ्यात झोपाळ्यास जागा पाहिजे म्हणोन भिंत चार फूट पुढे घेतली, मग रोज तीच पाहिली, आणि होता होता तीच खरी वाटू लागली. मग सावकाश म्हणाले, "मोजणी माझी बरोबर आहे. दोन फूट म्हणजे दोनच फूट. भिंतच पुढे चालत आली."

"भिंत कशी चालेल? तुम्ही चालवलीत," यमुनाबाई म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं, झोपाळा गच्चीवर टांगू."

गल्लीत पहिल्याने बन्सी हसला, मग आवडाबाई हसल्या, मग हसे घरोघर पोचले आणि शेवटास नानासाहेबही त्यात सामील जाहले, आणि जे पंधरा घरांचे पाप होते ते हसण्यात वाटले जाऊन प्रत्येकाच्या वाट्यास थोडेथोडेच आले. जेसीबी चार वाजता गल्लीच्या तोंडाशी येऊन ठेपला, त्यास चहा पाजोन माघारी धाडिले.

मग फौज नानासाहेबांच्या आवारात शिरली. तेथे जुन्या भिंतीचा पाया दगडांची ओळ होऊन अंगणात उघडा पडला होता आणि यमुनाबाई त्यावर वीस वर्षे तुळशीच्या कुंड्या मांडीत होत्या. त्या ओळीपासोन रस्त्याच्या अंगास नानासाहेबांनी आपल्या हाताने टेप धरिला. दोन फूट भरले ते बरोबर झोपाळ्याखाली. झोपाळा उतरविला, शहाबादी फरशी काढिली, तीखालील जुने डांबर व खडी फोडिली, खाली माती निघाली ती भुसभुशीत, मिसळलेली, बाईंनी चिमूट चुरडिली आणि त्यांच्या तोंडावर उजेड पडला. मग खुरपे चालविले. एक वीत गेले, तो टण असा आवाज आला. लोखंडी झाकण! बन्सी पाना घेऊन झेपावला, त्यास बाईंनी आडवे होऊन रोखिले, की आधी ब्रश फिरेल, मग शेजारी मोजपट्टी ठेवोन उत्तरेकडे बाण करोन फोटो निघेल, मग वहीत नोंद होईल, आणि मग झाकणास हात लागेल. पंधरा घरे तहानलेली उभी आणि बाई झाकणाचे चित्र काढितात, ऐसा प्रसंग! परंतु त्या समयी बाईंचा अधिकार असा चालला, की खुद्द नानासाहेबांनी चित्राच्या वहीवर छत्री धरिली.

बन्सीने झाकण काढोन गंज खरवडिला, तेल दिले, आणि दोन्ही पायांवर जोर देऊन चाक फिरविले. माघ वद्य पंचमी, सोमवार, सकाळी सातास पाण्याची पाळी आली. आधी नळातून हवा निघाली, मग लाल पाणी, मग खरे पाणी धो धो, आणि आवडाबाईंनी पहिला हंडा भरोन दाराशी आणोन ठेविला, कडूबांच्या पुढ्यात.

कडूबा पहिल्या पाळीची बस चुकवोन घरीच थांबले होते. त्यांनी देव्हाऱ्याखालील कागद काढिला, मांडीवर पाटी घेतली, आणि अक्षर अक्षर लावोन सही केली. मग दारामागचे खुरपे काढिले, पायरीच्या दगडावर नव्या पाण्याचे चार थेंब टाकिले आणि धार लावीत बसले. धार अंगठ्याने पाहिली, खुरपे जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळिले, आणि लेकीच्या पिशवीत घालोन म्हणाले, "हळू चालव तिथं. तुझ्या आज्यानं आपल्या गावची पांढर सारी उचलून नेली, त्याला कुणी सांगणारं नव्हतं. दुसऱ्या गावची का असंना, तू नीट बघ तिच्याकडं." मनकर्णाबाईंनी पिशवी खांद्यास लाविली. कागद छातीशी धरोन स्कूटीवर स्वार जाहल्या.

येणेप्रमाणे पुंडलिकनगरची मोहीम तडीस गेली, ती येथे कायम नोंदविली आहे. हस्तगत जिन्नस: व्हॉल्व्ह एक, लोखंडी झाकण एक, गोट्या तीन, अर्धा रबरी चेंडू एक, गुलाल चिमूटभर. सर्वांस चिठ्ठ्या बांधिल्या. तहाची कलमे: नानासाहेबांनी व्हॉल्व्हपुरती भिंत स्वतः पहिला घाव घालोन पाडिली, आणि पाण्याच्या दिवशी त्यांचे फाटक सर्वांस खुले. झोपाळा गच्चीवर गेला. उरल्या चौदा भिंतींचा विषय गल्लीच्या पुढील बैठकीत घ्यावा ऐसे सर्वांनुमते ठरले, आणि ती बैठक अद्याप भरली नाही. मनकर्णाबाईंनी कागद अकरा वाजण्यास दहा मिनिटे असता दाखल केला, आणि छावणीस निघते वेळी सामानाच्या यादीत, हत्यारे या सदराखाली, आपल्या हाताने लिहिले: खुरपे एक, आजोबांचे, वडिलांनी धार लावलेले.